पाठ नसलेले देव

दौलतजींनी उभ्या आयुष्यात शेदीडशे देव घडवले असतील, पण त्यांतल्या एकालाही पाठ नव्हती. समोरून बघाल तर रामचंद्र थेट अयोध्येहून उतरलेले; डोक्यावर मुकुट, दंडावर बाजूबंद, छातीवर रत्नजडित कवच. मागून बघाल तर नाड्यांनी आवळलेलं गोणपाट. ही ऐकीव गोष्ट नाही. सलग सात दसरे मी त्यांचा राम होतो आणि सातही वर्षं माझ्या पाठीवर 'ओल लागू देऊ नये' अशी ठळक निळी सूचना होती.

दौलतजी मलकापूरच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणींवर ठसे मारत. त्यामुळे सूचनेचं अक्षर मात्र सुरेख होतं. मध्यप्रांत-वऱ्हाडचे ते दिवस. दूर कुठेतरी लढाई पेटलेली आणि इथे कापड कंट्रोलवर. साऱ्या वऱ्हाडचा कापूस आमच्या स्टेशनावरून जायचा आणि आम्हाला धडका पंचा मिळत नव्हता. तरी दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी आमच्या आळीतून देवांची मिरवणूक निघालीच पाहिजे. त्यासाठी आळी दौलतजींना दरवर्षी एक नारळ आणि भरपूर सल्ला द्यायची.

बाकीचं ते जमवत. आठवडी बाजार उठायच्या वेळी 'हर माल दोन आणे'वाल्याच्या ताडपत्रीपाशी जाऊन बसत. दोन आण्यांचा माल घेत नसत. त्यातला फुटका, कोणी घेणार नाही असा माल मागत. दात पडलेल्या फणीतून रावणाची दंतपंक्ती निघे. तडकलेल्या आरशाचे तुकडे मुकुटात जात, कासाराकडच्या फुटक्या बांगड्या कवचावर माणकं होऊन चमकत. चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद, जिनातली झाडलेली रुई, ज्वारीची धांडं, सगळ्याला स्वर्गात जागा होती. एका साली लक्ष्मणाचं धांड्याचं धनुष्य भर रस्त्यात गाईने खाल्लं. लक्ष्मण बिचारा वेशीपर्यंत रिकामी मूठ ताणून चालला.

मी एकदा म्हटलं, दौलतजी, पाठीलाही चार हात काहीतरी लावा की. त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं.

"देव समोरूनच असते, भाऊ. मांगून तं सारे सारखेच."

या सिद्धांतावर अख्खी मिरवणूक चाले. लोकांनी देवांच्या पुढे राहून उलट्या पावली चालायचं. देवांच्या मागे काळं कुत्रंही फिरकता कामा नये. आणि देवाने, काही झालं तरी, वळायचं नाही. माझी सख्खी आई मागून हाका मारत होती, तरी मी वळलो नव्हतो; पुढचे आठ दिवस तिने मला भाकरी वाढताना 'घ्या प्रभू' म्हटलं. वेशीबाहेर लिंबाखाली सोंगं उतरवून आम्ही माणसं होऊन घरी यायचो.

त्या वर्षी आषाढात दौलतजींच्या घरच्या, सरूबाई, ओट्यावरून पडल्या. कमरेचं हाड गेलं. दसऱ्यापर्यंत जेमतेम उशीला टेकून बसू लागल्या होत्या. घरात खळीचा वास नको, म्हणून दौलतजींनी सोंगांचा पसारा जिनाच्या पडवीत हलवला. तिथेच एका दुपारी त्यांनी मला सांगितलं. सरूबाई दरवर्षी आरती घेऊन मिरवणुकीच्या पुढे असत. आता त्यांची खाट खिडकीशी. खिडकी उगवतीकडे, मिरवणूकही उगवतीकडे जाणारी. देव घरावरून पुढे गेल्यावरच खिडकीतून दिसणार, म्हणजे पाठमोरे. आणि त्यांनी तर एवढंच विचारलं होतं, "मले यंदा देव दिसतीन का?"

मी म्हटलं, खाट उचलून बाहेर आणू. ते त्यांनी विचारून झालं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "खाटेवरून बाहेर निघीन तं एकदाच निघीन."

मग मी भीतभीत म्हटलं, खिडकीपुढे देवांना घटकाभर वळवलं तर? दौलतजींच्या हातातला ब्रश थांबला.

"तीस वर्सं झाले, भाऊ. सारं मलकापूर पुढं उभं असते. अब्रू जाईन देवाची."

पुन्हा तो विषय त्यांनी काढू दिला नाही.

दसऱ्याला उन्हं कलल्यावर निघालो. पुढे डफ, देशमुख, स्टेशनातले बाबू, शाळेचे मास्तर, सगळे उलट्या पावली. त्यांच्या आणि आमच्या मधे दौलतजी, दोन्ही हात हलवत, आमच्याकडे तोंड करून. त्यांचं घर मागे पडलं. दहा पावलं गेलो असू, तोच त्यांनी हात वर केला. डफ थांबले. त्यांनी एकदा मान वळवून लोकांकडे पाहिलं, मग आमच्या डोक्यांवरून खिडकीकडे.

"फिरा," ते हळूच म्हणाले.

आम्ही हललो नाही. सात वर्षांची शिस्त होती.

"फिरा म्हनतो ना बे."

आम्ही फिरलो. मागे साऱ्या मलकापूरचं हसू फुटलं. कोणीतरी माझी पाठ मोठ्याने वाचली आणि रामाला छत्री द्यायला सांगितलं. रावणाच्या बुडाशी 'नग एक' लिहिलेलं होतं, त्यावर तर देशमुखही हसले. दौलतजी मान खाली घालून आमच्यामधून वाट काढत खिडकीपाशी गेले. आम्हीही चार पावलं मागोमाग सरकलो.

खिडकीत सरूबाई. केस विंचरलेले, कुंकू ताजं. मला वाटलं, हात जोडतील. त्यांनी हात जोडले नाहीत. एकेका देवाला मुकुटापासून पायापर्यंत निरखलं, आणि माझ्यावर नजर थांबली.

"आवो, रामाचा डावा खांदा चढला. शिवण उलटी घेतली तुमी."

तो खांदा मला सकाळपासून काचत होता.

दौलतजी म्हणाले, "तुले कष्ट नको म्हून यंदा मी शिवलं. दरसाली तं तूच शिवत होती." साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. मागचं हसू ओसरलं.

"सुई द्या," सरूबाई म्हणाल्या.

गजांना खांदा टेकवून मी उभा राहिलो. त्या सावकाश उसवू लागल्या. मागे सारं गाव ताटकळत होतं, सूर्य झाडांमागे चालला होता, आणि दौलतजी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून, डोळे बारीक करून, सुईचं नाक शोधत होते.