अंजिरी शेल्याची रीतसर चौकशी

पोट ज्याचे त्याला भरावे लागते. कान मात्र दुसरे भरून देतात, आणि तेही फुकट. म्हणूनच शोकान्त नाटकात राणी मरण्याआधी राजाचे कान भरावे लागतात. (रिकाम्या कानांचा राजा बायकोला मारत नाही, असे जाणकार सांगतात.)

जव्हार संस्थानातल्या मुलींच्या शाळेत दसऱ्याला असेच एक नाटक बसत होते. एक कपटी सरदार राजाला हळूहळू पटवतो की राणीने आपला शेला परपुरुषाला दिला. राजा तिचा गळा आवळतो. मग खरे काय ते कळते. मुलींनी यातून काय शिकायचे, हे पुण्याहून आलेल्या मोठ्या बाईंनाच ठाऊक. शेला मात्र त्यांनी स्वतःचा दिला. अंजिरी, जरीकाठी.

राणी झाली आशालता. तिचा गळा गोड, शिवाय आवळायला सोयीचा लांब. तिची जिवलग मैत्रीण पुष्पावती झाली सरदार, आणि तिला कोळशाची मिशी मिळाली. पुष्पावतीला मुळीच वाईट वाटले नाही. (हे तिने भेटेल त्याला सांगितले.) राणी मेली की दरबारच्या बायका रडणार होत्या; मिशीसाठी कोणी रडल्याचे आजवर ऐकिवात नाही.

कपटाचे काम वठवायचे तर सराव हवा, आणि पुष्पावती पडली अभ्यासू. तालमीनंतर ती मोठ्या बाईंपाशी रेंगाळे.

"आशा ना, बाई... जाऊ दे."

"काय गं?"

"काही नाही. मनाने चांगली आहे हो ती."

एवढेच. यात खोटा शब्द एकही नाही, हे सरकारी कागदावर लिहून देता येईल.

आणि एका सकाळी शेला नाहीसा झाला.

(आदल्या दिवशी सगळ्यांत शेवटी शाळेतून कोण निघाले? पुष्पावती. मी आपले नुसते सांगून ठेवले.)

रीतसर चौकशी झाली. सगळ्या मुलींना विचारले, गाण्याच्या मास्तरांना विचारले, शिंप्याला बोलावून विचारले. साखरशेतहून झाडलोटीला येणारी धोंडीबाई तेवढी राहिली. तिचा झाडू मधूनच फिरत होता, म्हणून सर्वांनी पाय वर घेऊन चौकशी पुढे चालू ठेवली.

"पुष्पे, तू तरी सांग ना!" आशालता म्हणाली. "मी नेला असता तर आधी तुलाच नसता का दाखवला?"

पुष्पावतीने आधी बाईंकडे पाहिले, मग जमिनीकडे. "मी कशाला काही बोलू, बाई? मैत्रीण आहे ती माझी." (याहून जास्त बोलवेना, मिशी ओघळत होती.)

निकाल लागला. आशालतेच्या वडिलांनी तिचे नाव शाळेतून काढले आणि मोखाड्याच्या एका बिजवराला होकार कळवला. शिकलेल्या मुलीला स्थळ मिळता मिळत नाही. चोर ठरलेलीला आठवड्यात मिळते. संस्थानच्या प्रगतीची ही गती वाखाणण्याजोगी आहे.

दसऱ्याला पुष्पावती राणी झाली. राजा शेल्याऐवजी पडद्याची दोरी घेऊन तिच्या गळ्याकडे सरसावला, तोच न्हाऊनमाखून, ठेवणीतले लुगडे नेसून धोंडीबाई थेट रंगमंचावर आली. दोन्ही तळव्यांवर शेला, त्यावर हळदकुंकू.

"थांब गो! आता घाला. देवापाशी होता."

धोंडीबाईच्या घरात बोहाड्याचा, म्हणजे उत्सवात नाचवायचा, एक मुखवटा आहे. सोंग उभे राहीपर्यंत त्याचे वस्त्र देवापाशी ठेवायचे, कोणी अंगाला लावायचे नाही, ही घरची रीत. इथे पोरी तालमीत रोज शेल्याला नाक पुसत होत्या.

"अगं, मग सांगायचं नाही का?" मोठ्या बाई किंचाळल्या. "इथे चोरी झाली म्हणून एवढा गोंधळ!"

"चोरी झाली तो दुसरा कायतरी असंल. सेला तं देवापाशी होता. आन मना कोनी इचारलाच नाय, बाय."

शेला गळ्यात पडला आणि पुष्पावती खरीखुरी रडली. दरबारच्या बायकांना तिचे काम फार आवडले. मोखाड्याचा मुहूर्त मात्र हलला नाही. दिलेला शब्द फिरवणे घराण्याला शोभत नाही.

आता एक किरकोळ मुद्दा राहिला. शेला नाहीसा झाल्याबरोबर चोर पुष्पावतीच, हे तुम्ही ठरवून टाकले होते. मी तसे कुठे म्हटले? ती शेवटी निघाली, एवढेच तर सांगितले.

पण मनाने तुम्ही चांगले आहात हो. जाऊ दे.