पटले सर आणि बिननावाचे दोन आकडे

पटले सरांच्या घरी मिठाच्या डब्यावर नुसतं ‘मीठ’ लिहिलेलं नाही. ‘मीठ, बारीक, साखर नव्हे’ असं लिहिलेलं आहे.

सर नवेगाव बांधचे. आम्हाला कॉलेजात संगणकाची सी भाषा शिकवून निवृत्त झाले. आता घरची धानाची शेती बघतात आणि जुन्या विद्यार्थ्यांचा कोड तपासतात. ओळीआधी चारऐवजी तीनच जागा सोडल्या की विचारणार, “रोवणी अशी करतेत का बे?” राहू द्या सर, म्हटलं की, “राहू द्यायले तो का पाहुणा हाय?”

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. चित्रं लहानमोठी करणारा एक मुक्त प्रोजेक्ट आहे. त्याचा कोड कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. पण सांभाळणारे तपासूनच घेतात. त्यात एक तरी पॅच, म्हणजे सुधारणेचा तुकडा, आपला असावा, एवढंच माझं स्वप्न होतं. मी पाठवलेला पॅच दोनदा परत आला. माझ्या कोडमधून उभा माणूस चपटा होऊन बाहेर पडत होता.

मी सरांकडे गेलो. फंक्शनच्या घोषणेत मी फक्त ‘इंट, इंट’, म्हणजे नुसतं ‘आकडा, आकडा’, लिहिलं होतं, आत ‘ए’ आणि ‘बी’. सरांनी चष्मा पुसला.

“आमच्या धानाच्या बांध्यायले नावं काऊन हायेत? आंब्याची, डोहाची, मधली. नाव नसंन तं पाणी कोणत्या बांधीत सोडशीन?”

मी पहिल्याला रुंदी नाव दिलं, दुसऱ्याला उंची. लगेच दिसलं: मी रुंदीच्या जागी उंची पाठवत होतो. दोन्ही आकडेच, म्हणून चुका पकडणारा कंपायलरही गप्प होता.

तिसऱ्या खेपेला पॅच स्वीकारला गेला. खाली शेरा होता, ‘नावं वाचून लगेच समजलं.’ बाबांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. पेढा कशाचा ते कोणी विचारलं नाही, हे बरं झालं.

पॅचसोबत तपासणाऱ्याचंही नाव लिहायची रीत आहे. मी सरांना स्क्रीनवर ती ओळ दाखवली: हेमराज तुकाराम पटले.

“पूर्ण नाव कायले लिवलंस?”

“अर्धवट नाव चालत नाही, तुम्हीच म्हणता.”

सर म्हणाले, “हेमराज म्हणणारी माय होती. ते गेली, तवापासून सारे सरच म्हणतेत.”

त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. हेमराज आणि तुकारामच्या मध्ये एक जागा जास्त सुटली होती. मी घाबरून म्हटलं, सर, नोंद कायमची झाली, आता ती बदलता येणार नाही.

“राहू दे,” सर म्हणाले.