ठकीच्या डोक्यातल्या चुली

एका जंगलात, बाळांनो, जिथे वाघसुद्धा तज्ज्ञाला विचारल्याशिवाय शिंकत नसे, तिथे अर्जुनाच्या झाडावर मधमाश्यांचं एक पोळं होतं. पोळ्यात रुंजी नावाची दाई होती. अळ्यांना भरवून मोठं करणं हे तिचं काम. त्यात ठकी नावाच्या अळीवर तिचा भारी जीव.

एके दिवशी फुगेराव नावाच्या नरानं सभा घेतली. फुगेरावांनी जन्मात कधी फुलावर पाय ठेवला नव्हता. म्हणूनच ते तज्ज्ञ होते.

"पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या इवल्या चुली असतात," ते म्हणाले. "साखर जाळून त्या बळ देतात. पंखांतल्या चुली ठीक. पण डोक्यातल्या? माशी नुसती बसली तरी धगधगतात. शुद्ध उधळपट्टी. अळ्यांना माझे थेंब पाजा. डोक्यातल्या चुली विझतील, सगळी साखर पंखांना जाईल."

रुंजीनं भीत भीत विचारलं, "पण त्याच चुलींवर मेंदू घडतो ना? वाट लक्षात कशी राहील?"

"शेजारची दाई चिमी सकाळीच तिच्या अळ्यांसाठी थेंब घेऊन गेली," फुगेराव म्हणाले.

झालं. रुंजीचा जीव खालीवर झाला. आपली ठकी मागे पडली तर? तिनं दोन थेंब जास्तच पाजले.

यथावकाश ठकी कोषातून बाहेर आली. "येते हं मावशी," म्हणाली आणि सुसाट उडाली. सगळ्यांच्या पुढे.

संध्याकाळ झाली, ठकी आली नाही. रुंजी रडत फुगेरावांकडे गेली.

"परत आली नाही, म्हणजे किती लांब पोचली बघा की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठकी पोळ्याच्या दारात टेकली. पायांना पराग, अंग थकून गेलेलं.

"बाई, हे घर कुणाचं?"

रुंजी दाराशी धावली. "तुझंच गं. आत ये."

"असेल," ठकी म्हणाली. आत यायला वळली, वळता वळता आपण कशाला वळलो तेच विसरली, आणि सुसाट निघून गेली. ती पुन्हा कधी दिसली नाही.

"काय बाई तो वेग," चिमी जळून म्हणाली.

रुंजीनं डोळे पुसले. मग मान जराशी ताठ केली. "आमचीच ती," म्हणाली, आणि पुढच्या अळीसाठी थेंब आणायला फुगेरावांच्या दारी रांगेत जाऊन उभी राहिली.

तात्पर्य: घर आठवत राहिलं की वेग कमी होतो. तेव्हा बाळांनो, डोक्यातल्या चुली वेळीच विझवून घ्या. दारात उभं राहून कौतुक करायला घरचे आहेतच.