दामलेकाकांचा डोस

इकडे परदेशात, न्यू लिन उपनगरातले आमचे शेजारी दामलेकाका धबधबा कानाने निवडतात. ऐन वसंतात रेडिओवर मुसळधार पावसाचा इशारा आला, की बाकीचे लोक वाळत घातलेले कपडे आत घेतात आणि काका रेनकोट चढवून आमच्या दारात उभे राहतात. "चला, ओढे भरलेत."

काका फार्मसिस्ट आहेत, त्यामुळे सगळं औषधाच्या हिशेबात. एकदा मी हौसेने त्यांना एक नाजूक धबधबा दाखवला. भोवती नेचे, वर पिवळंधमक फुललेलं कोफाईचं झाड. काकांनी तोंड वाकडं केलं. "डोस कमी आहे. इथे माणसाचं बोलणं ऐकू येतंय." आणि चक्क परत फिरले.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना रानात नेलं. मालतीकाकूंनाही. काकूंचे कान हल्ली पार गेलेत. मशीन आहे, पण चार माणसं एकदम बोलायला लागली की त्यात नुसता कालवा होतो. त्या "काय म्हणाली गं?" विचारायच्या आणि कुणीतरी "काही नाही, जाऊ द्या" म्हणायचं. शेवटी त्यांनी कुणाकडे जाणंच सोडलं होतं. काकांना त्याचा घोर लागला होता.

रानाच्या तोंडाशी, कौरीच्या झाडांना रोग लागू नये म्हणून, बूट घासून धुवावे लागतात. काकांनी आमचेही बूट स्वतः घासले. मग चिखल, घसरगुंडी, वाटेत आडवे आलेले ओढे. त्यातल्या एकात काका थर्मास वर धरून पद्धतशीर बसले.

"काका, आय ॲम सोकिंग," माझी मुलगी आर्या म्हणाली.

"स्वीट ॲज," काका ओढ्यातूनच म्हणाले. म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'.

धबधबा नुसता गरजत होता. काकांनी थेट त्याच्या पायथ्याशी डबे उघडले. इथेच बसून गप्पा मारायच्या म्हणे. मी लोणचं मागितलं, बायकोने छत्री दिली. थालीपिठं भिजली. कुणाचं कुणाला काही ऐकू येईना, तेव्हा आम्ही वेड्यासारखे हातवारे करू लागलो.

काकूंनी मशीन काढून काकांकडे दिलं आणि त्या सुटल्या. हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी त्यांनी ओढ्यातले काका थर्माससकट करून दाखवले. आर्या हसून हसून लोळायची बाकी होती. आमचे सगळ्यांचे ओठ त्यांना वाचता येत होते, त्यामुळे माझं बायकोला आणि बायकोचं मला त्याच समजावून देत होत्या. मधेच त्यांनी आर्याला खुणेनेच काहीतरी सांगितलं आणि दोघी फुटल्या. "काय म्हणालात?" मी ओरडलो.

काकूंनी हात झटकला. काही नाही, जाऊ दे.

त्या सबंध वेळात काकांनी धबधब्याकडे एकदाही पाहिलं नाही. रेनकोटच्या आत मशीनची डबी सांभाळत ते काकूंकडेच बघत होते.

परतताना पुन्हा बूट घासायचे होते. काका माझ्या बुटावर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "पुढच्या पावसालाही या रे सगळे. तिला माझा एकट्याचा डोस पुरत नाही."