शॉक बसला नसल्याचा दाखला

पत्नीच्या निधनानंतर माझा उजवा कोपर दुखू लागला. या दोन गोष्टींचा संबंध एवढाच, की ती गेल्यावर ज्वारीच्या भाकरी मी थापू लागलो. अमरावतीच्या डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिला आणि टेनिस कधीपासून खेळता, असे विचारले. मी भाकरी सांगितली. त्यांनी कागदावर टेनिसच लिहिले, कारण या दुखण्याचे नाव टेनिसवरून पडले आहे. भाकरी थापणाऱ्या बायका आधी डॉक्टरकडे गेल्या असत्या तर कदाचित वेगळे पडले असते.

डॉक्टर म्हणाले, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी झिजली आहे. दुखणे जुने झाले की शरीर त्याकडे लक्ष देणे सोडते. मग यंत्राने बाहेरून लहरींचे धक्के देऊन शरीराला जागे करायचे, म्हणजे ते पुन्हा दुरुस्तीला लागते. कापाकापी नाही, टाके नाहीत. याला शॉकवेव्ह म्हणतात. यंत्र अकोल्याच्या एका दवाखान्यात होते आणि त्याची मंजुरी अमरावतीत, आमच्या खात्याच्या आरोग्य योजनेच्या कार्यालयात.

हात बरा होणे आवश्यक होते. माझा मुलगा किशोर पुण्याहून फोनवर म्हणाला होता, "बाबा, एका हाताने एकटे कसे राहणार? दिवाळीपर्यंत हात चालला तर ठीक. नाहीतर घर विकू आणि तुम्ही इकडे या." तो वाईट मुलगा नाही. पण त्याच्या फ्लॅटमध्ये त्याची आई, शकुन, एकदाही गेली नव्हती. या घरात ती कुठे उभी राहायची, कुठे बसायची, ते मला माहीत आहे. तिथे सगळे अंदाजाने करावे लागले असते.

मंजुरीच्या टेबलावर दामिनी नावाची भातकुलीकडची मुलगी होती. कॉम्प्युटर तिला विचारायचा आणि ती मला.

"काका, गेल्या वर्षभरात शॉक घेतला का?"

मी विजेच्या खात्यात लाइनमन होतो. "बसला ना दोन-चारदा," मी म्हणालो. "पोलवर."

"नोकरीतले नोका सांगू जी. वर्षभरातला सांगा."

"मंग एकच. उन्हाळ्यात बायको गेली."

तिने पडद्यावरचा प्रश्न पुन्हा वाचला. "काका, हे मशीनच्या शॉकचं विचारून राहिलं असन."

"असन. पन तू नुसता शॉक विचारला. खोटं कसं सांगू?"

"खोटं तं मलेबी लिवता येत नाई," असे म्हणून तिने 'हो' दाबले.

पुढचा प्रश्न आला, शॉक मान्यताप्राप्त केंद्रात घेतला का. मी म्हणालो, घरीच, सैपाकाच्या ओट्याजवळ. त्यापुढचा, आराम पडला का. मी नाही म्हणालो. मग पडद्यावर लाल अक्षरे उमटली. लाभार्थ्याने चालू वर्षात एक शॉक घेतला आहे, तोही अमान्यताप्राप्त ठिकाणी व निष्फळ. सबब दुसरा शॉक अनुज्ञेय नाही.

"आता 'नाई' करून टाक," मी म्हणालो.

"वापस नाई येत काका. गेलं ते गेलं."

ती हे कॉम्प्युटरबद्दल बोलली.

मी एसटीने अकोल्याला गेलो. बस मूर्तिजापूरपर्यंत कोपराला जे धक्के देत होती ते उपचारात धरत नाहीत, हे मी आधीच विचारून घेतले होते. दवाखान्यात यंत्र चालवणाऱ्या वाहेदभाईंनी यंत्रावरचा कपडा काढून मला ते दाखवले.

"चाचा, मशीन खाली हाय. मी खाली हाय. तुमचा कोपर इथंच हाय. पन अमरावतीची मंजुरी आल्याबिगर देता येत नाई."

"मंग रोज कोनाले देता?"

"मंजुरीवाल्याईले."

"किती येतात?"

"आता तुमीच आलते," वाहेदभाई म्हणाले. मग माझी हकीकत ऐकून, यंत्रावर कपडा परत घालत त्यांनी सल्ला दिला, "चाचीवाला शॉक अलग होता, असा कागद घेऊन या."

मी शकुनचा मृत्यूचा दाखला घेऊन दामिनीकडे गेलो. तिने तो दोन वेळा वाचला. "काका, याच्यात काकू गेल्या एवढंच हाय. तुमाले शॉक बसला का नाई, हे कुठी लिवलं?"

ते कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून शॉक पडताळणी समिती नेमण्यात आली. समिती म्हणजे महादेवराव नावाचे एक निवृत्त अधिकारी. ते माझ्या घरी आले. दाढी केलेली, कपडे धुतलेले, अंगण झाडलेले, असे सगळे त्यांनी लिहून घेतले. मग गल्लीत चौकशी केली.

"लय मजबूत मानूस जी," सूर्यभान म्हणाला. "तेरवीले सोता पंगतीत बुंदी वाढत होते. डोळ्याले पानी नाई."

समोरच्या चंदाबाई म्हणाल्या, "मी तं तवाच म्हनलं, किती लवकर सावरले."

दोघांनीही हे कौतुकाने सांगितले.

महादेवराव खूश झाले. "खुशालराव, काम झालं तुमचं. शॉक बसलाच नवता, असं निघून राहिलं. जुनी नोंद रद्द, मंजुरी लगेच. इथं सही करा फक्त."

कागदावर टाइप केलेले होते: माझ्या पत्नीच्या निधनाने मला कोणताही शॉक बसला नाही.

"बसला पन वेगळा, असं लिवता येईन का?" मी विचारले.

"वेगळ्याले रकाना नाई."

"मंग मी नाई करत."

"काहून? हात दुखते?"

"हात तं दुखतेच."

"मंग डावा अंगठा द्या. डावा तं बरा हाय ना?"

"बरा हाय. पन तोबी तिच्याच नवऱ्याचा हाय."

महादेवराव कठोर मनुष्य नव्हते. त्यांनी नियम चाळले. अर्जदार दुखण्यामुळे सही करू शकत नसल्यास तीन प्रतिष्ठित साक्षीदारांच्या सह्या चालतात. सूर्यभानने उभ्याउभ्या केली. चंदाबाईंनी चष्मा मागवून केली. तिसरा म्हणून मागच्या घरातल्या बंडूला बोलावले. तो ऑटो चालवतो. त्याने कागद वाचला आणि पेन परत दिला.

"मी नाई करत. काकाले मी पान्याच्या टाकीमागं पाह्यलं हाय."

"काय करतानी?" महादेवरावांनी विचारले.

"ते तुमाले काहून सांगू?"

"अरे, याच्यानं काकाचंच नुकसान हाय."

"मंग नुकसान लिवा," बंडू म्हणाला आणि ऑटो काढून गेला.

खरे बोलणारा माणूस शेजारी असला की मंजुरीला अशी अडचण येते.

कागद सध्या महादेवरावांकडे आहे. दिवाळी जवळ आली आहे आणि किशोरने घराचे फोटो मागवले आहेत. तिसरी जागा रिकामी आहे. साक्षीदार गल्लीतलाच पाहिजे अशी अट नाही, हे महादेवरावांनी तपासून सांगितले. अर्जदाराला ओळखण्याचीही अट नाही. कोणाच्या तरी तेरवीला जेवून, हात धुताना, मेलेल्या बाईच्या नवऱ्याकडे पाहून 'बरे सावरले हो' असे एकदा म्हटलेले असले की पुरते.

म्हणजे तुम्ही चालता. दिवाळीच्या आधी यावे.