गाडी दिसल्याशिवाय

घरतकाका चहा पिण्याआधी आपण चहा पिणार असल्याचं जाहीर करतात. तेही फ्रेंचमध्ये. "ज व्हे ब्वार द्यु ते," असं खणखणीत आवाजात म्हणायचं, मग कप उचलायचा, एक घोट घ्यायचा आणि समोरच्याकडे बघायचं. बघा, बोललो तसं केलं की नाही. समोर बहुतेक वेळा मीच असते, कारण त्यांना हे वाक्य मीच शिकवलं आहे.

मी पनवेलला लाइन आळीत फ्रेंचचे वर्ग घेते. माझ्याकडे येणारी मुलं दहावीला मार्क जास्त पडतात म्हणून येतात आणि निकाल लागला की फ्रेंच विसरतात. त्यात माझी काही तक्रार नाही. पण दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दारात एकोणसत्तर वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी घरत. मूळ ओवे गावचा. एसटीत कंट्रोलर होतो. चौतीस वर्षं स्टँडवरचा माइक माज्याकडं. आता फ्रेंच शिकायचीय."

मी म्हटलं, "बसा. आधी वर्तमानकाळापासून सुरुवात करू."

"तो नको. वर्तमानकाल समोर दिसतोच. आता येनार, आता जानार, असलं काय असतं का त्यांच्यात?"

असतं. फ्रेंचमध्ये अगदी जवळचा भविष्यकाळ सांगायला 'जाणे' हे क्रियापद घेतात, ते कर्त्याप्रमाणे चालवतात आणि त्याच्यापुढे जी गोष्ट करायची तिचं क्रियापद मूळ रूपात ठेवून देतात. ज व्हे, त्यु व्हा, इल व्हा, नू झालों, वू झाले, इल व्हों. ही सहा रूपं पाठ केली की झालं. मुलांना हे समजवायला मला दोन तास लागतात. काकांना दहा मिनिटं लागली.

"म्हंजे ड्रायव्हर बदलतो, गाडी तीच," ते म्हणाले.

"आणि नकार द्यायचा असेल तर दोन शब्द येतात. एक ड्रायव्हरच्या आधी, एक नंतर."

"दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचा. बरोबर हाय. नायतर गाडी सुटायची."

तेव्हापासून मीही वर्गात ड्रायव्हर आणि गाडीच सांगते. मुलांना कळतं. श्रेय मात्र मी कुणाला देत नाही.

पंचाईत झाली ती गृहपाठाच्या वेळी. मी जवळच्या भविष्यकाळातली पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली. मुलांनी नेहमीप्रमाणे लिहिलं, मी पॅरिसला जाणार आहे, मी लाल गाडी घेणार आहे. काका शेजारच्या मुलीच्या वहीत डोकावले आणि म्हणाले, "हिच्याकडं तिकीट कुठंय? खोटं लिवलंय, बाई." त्यांची स्वतःची पाच वाक्यं अशी होती: मी जिना उतरणार आहे, मी बाजारात जाणार आहे, मी बोंबील घेणार आहे, मी ते साफ करणार आहे, मी झोपणार आहे. दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून त्यांनी तळलेले बोंबील डब्यातून आणले. झोपेचा पुरावा मी मागितला नाही.

ही त्यांची खोड नव्हे, नोकरीतला नियम आहे. गाडी गेटातून आत वळलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय माइकवर बोलायचं नाही. ड्रायव्हर फोन करून सांगो की पाच मिनिटांत पोचतो, साहेब सांगो, कुणीही सांगो. आणि रद्द झाल्याचं लेखी हातात आल्याशिवाय गाडी रद्द असंही म्हणायचं नाही. "लोक पिशव्या उचलून उभे ऱ्हातात ओ, बाई. म्हातारी मानसं फलाटावर धावतात. बोललो तर गाडी लागलीच पायजे."

एकदा मात्र ते घसरले. फळ्याकडे बोलावून मी वाक्य करायला सांगितलं, तर घाईत म्हणून बसले, "ज व्हे तेलेफोने आ मा सर." मी माझ्या बहिणीला फोन करणार आहे. वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि काकांचा चेहरा उतरला. आपटा गावी राहणाऱ्या ह्या बहिणीशी त्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. कारण काय, तर तिच्या नातवाच्या साखरपुड्यात ह्यांना मागच्या रांगेत बसवलं होतं.

"काका, नुसतं उदाहरण आहे," मी म्हटलं.

"बोलून बसलो ना," असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून बहीण इतक्या जोरात ओरडली की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं, "कोन गेलं रे दादा?"

कुणी गेलेलं नाही, फ्रेंचचा तास चालू आहे, हे तिला पटवायला त्यांना बराच वेळ लागला. आता ती दर महिन्याला पनवेलला येते, त्यांच्यासाठी वालाचं बिरडं घेऊन. थोडं मलाही मिळतं.

फ्रेंच शिकायचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांची मुलगी सुषमा नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रान्समध्ये असते. नात इरा, सात वर्षांची, तिथलीच. मराठी तिला समजतं, पण उत्तर ती फ्रेंचमध्येच देते. दर रविवारी दुपारी अडीचला व्हिडिओ कॉल. काका त्या कॉलवर काय बोलतात ते मला पाठ आहे, कारण आम्ही ते शनिवारी बसवतो. मी झाडांना पाणी घालणार आहे. मी पेपर वाचणार आहे. आणि कॉल संपायच्या आत ते झाडांना पाणी घालतात, फोन हातात धरून. बरंचसं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं.

कॉलच्या शेवटी इरा दर वेळी एकच विचारायची. "त्यु व्हा व्हनीर, आजोबा?" तू येणार आहेस का?

 एकदा व्हिसाचा अर्ज कागद कमी पडला म्हणून परत आला होता. दुसऱ्यांदा अर्जासोबत पासपोर्ट दिलेला, तो व्हिसाचा शिक्का होऊन अजून हातात यायचा होता. म्हणजे हो म्हणता येत नाही, कारण गाडी दिसली नाही. नाही म्हणता येत नाही, कारण लेखी आलेलं नाही. मग ते म्हणायचे, मी आता जेवणार आहे. आणि कॉल बंद करायचे.

"काका, लहान मूल आहे. येणार म्हणा की," मी एकदा चिडून म्हटलं. मला असल्या हट्टाचा राग येतो.

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि परत घातलं. "एकदा म्हनलो होतो, बाई. इराच्या वेली. सुषमाच्या बालंतपनाला आमी दोघं जानार होतो. तिकीट हातात नव्हतं, पन पोरगी फोनवर रडत होती, म्हनून मी बोललो, आमी येनार. हिनं डिंकाचे लाडू करून डबा भरला. आनि आठ दिवसांत हीच गेली. पोरगी तिकडं एकटीच बालंतीन झाली. उभ्या जन्मात एकदाच गाडी न बगता बोललो."

मी फळा पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.

गेल्या महिन्यात एका सोमवारी काका वर्ग नसताना आले. चहा दिला तर काही जाहीर न करताच प्यायले. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"काल तिनं विचारलंच नाय," ते म्हणाले.

"विसरली असेल."

"नाय. स्टँडवर बगितलंय मी. प्रवासी खिडकीशी येऊन दहा वेला विचारतो, भांडतो, तोवर ठीक असतं. तो थांबलेला असतो. विचारायचा बंद झाला की समजायचं, सहा आसनी रिक्षात बसून गेला." त्यांनी कप खाली ठेवला. "रविवारी तुमी घरी या, बाई. मला एकट्याला जमनार नाय."

रविवारी मी गेले. काकांनी पांढरा शर्ट घातला होता. पासपोर्ट आलेला नव्हता. कॉल लागला. इरा खाली मान घालून काहीतरी रंगवत होती. झाडांचं झालं, पेपरचं झालं. तिनं मान वर केली नाही. आता ती बाय म्हणणार, एवढ्यात काका खुर्चीवरून उठले, घसा साफ केला आणि चौतीस वर्षं ज्या आवाजानं अख्खा स्टँड हलवला त्या आवाजात म्हणाले, "ज व्हे व्हनीर!" मी येणार आहे.

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मागे स्वयंपाकघरातली सुषमा हातात झारा घेऊन पडद्यावर आली. इरानं रंगीत पेन्सिल खाली ठेवली, मोठ्या माणसासारखे गंभीर डोळे करून आजोबांकडे बघितलं आणि म्हणाली, "ज व्हे तातांद्र."

काका गोंधळले. हे क्रियापद आमचं झालंच नव्हतं. "काय म्हनाली?"

"काका, ती म्हणतेय, मी तुझी वाट बघणार आहे."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते आत गेले. मी इराशी आणि सुषमाशी जमेल ते बोलत राहिले.  काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता आणि हातात एक स्टीलचा डबा होता. झाकणावर 'सौ. मालती घरत' असं कोरलेलं होतं.

"चौतीस वर्षं लोकांनी माज्यासमोर वाट बगितली. पन असं सांगून कुनी बगितली नाय, बाई," ते म्हणाले. "आता बोलून बसलोय. गाडी आनावीच लागनार." मग डबा शर्टाच्या बाहीनं पुसत त्यांनी विचारलं, "पनवेलात डिंकाचे लाडू कुठं बरे मिलतात?"

मी उभ्या आयुष्यात लाडू वळलेला नाही. माझी आई असती तर ती हसून गडाबडा लोळली असती. पण मी म्हटलं, "ज व्हे ले फेर." मी करणार आहे.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, चौकशीच्या खिडकीतून बघावं तसं. "डिंक आनलाय का घरात?"

"नाही."

"मग?"

"बोलून बसले," मी म्हटलं.

पासपोर्ट अजून आलेला नाही. काकांची बॅग दाराशी आहे. माझे पहिले दोन घाणे फसले, तिसरा आज करणार आहे.