भिंतीचा फोटो

"हे बघा, लेन्स एकच घ्यायची. आणि हीसुद्धा मागच्या लेन्ससारखी कपाटात गेली ना, तर कॅमेरा सरळ घोटीला, आपल्या रुद्रकडे!" पोळ्या लाटता लाटता पूजाने निकाल देऊन टाकला. रुद्र तिचा भाचा. त्याचा या कॅमेऱ्यावर कधीपासूनचा डोळा. आणि पूजा बोलली की करून मोकळी होते, हे हर्षलला चांगलं ठाऊक होतं.

हर्षल अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. आठवडाभर यंत्रांकडे बघून झालं की सुटीला त्याला माणसं बघायची हौस. रोज गळ्यात अडकवून हिंडता येईल अशी लेन्स त्याला हवी होती. ओळखीच्या दुकानदाराने दोन दिल्या होत्या, "रविवार संध्याकाळपर्यंत वापरून बघा, एक ठेवा, एक परत आणा," म्हणून. एक झूम. लांबचं जवळ आणणारी, सगळं करणारी, पण गळ्यात घातली की मान मोडणारी. दुसरी मुठीत मावेल एवढीशी. फोटो असा काढायची, की बघत राहावं. पण तिला झूम नव्हता. फोटोत जास्त काही हवं असेल, तर आपणच पायांनी मागे सरकायचं.

आता नाशिक रोडच्या त्या रो-हाउसच्या गल्लीत सरकणार कुठे? प्रत्येकाने आपलं घर थोडं थोडं रस्त्यावर आणून ठेवलेलं. कुणाचा कट्टा, कुणाच्या कुंड्या, कुणाचं वॉशिंग मशीन. समोरच्या खंडेरावांनी तर चांगली ऐसपैस पत्र्याची शेड ठोकली होती. हर्षलच्या दारातही तशीच शेड होती म्हणा, पण स्वतःची असल्यामुळे ती त्याला दिसत नसे.

शनिवारी सकाळी त्याने छोटी लेन्स लावली आणि लेन्स तपासतात तशी समोरची भिंत टिपायला सुरुवात केली. कोपरे धारदार येतात का, रेघा सरळ राहतात का. खंडेराव पेपर घेऊन बाहेर आले.

"काय रे हर्षल, कसले फोटो?"

"काही नाही काका. तुमच्या भिंतीचे."

"भिंतीचे? आणि आम्ही?"

"तुम्ही नका येऊ मध्ये. नुसती भिंत हवीय. आणि शेडचा तो कोपरा."

खंडेरावांच्या हातातला पेपर खाली आला. मागच्या गल्लीत कुणीतरी असेच भिंतींचे फोटो काढून महापालिकेला पाठवले होते आणि पाठोपाठ अतिक्रमणाची गाडी आली होती. तेव्हापासून या भागात भिंतीचा फोटो म्हणजे तक्रार, दुसरा अर्थच नाही. नोटांच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेला माणूस, सरकारी कागदाला भारी घाबरायचा. ते तडक आत गेले आणि बायकोच्या हाती डबाभर चिवडा पाठवून दिला.

दुपारी शेजारच्या यशोदाबाई आल्या. आवाज एकदम खाली.

"बाळा, आमचा कट्टा तेवढा राहू दे. म्हातारपणी बसायला जागा नाय. खंडेरावांची शेड बघ की, लय पुढं आलीय!"

"मावशी, राहू दे की कट्टा. मी कशाला हलवू?"

"तसं नाय, फोटोत नको येऊ देऊ!" असं म्हणून त्या पापडाची पिशवी ठेवून गेल्याही. हर्षल पूजाला म्हणाला, कॉलनीतली माणसं किती प्रेमळ आहेत बघ. संध्याकाळी त्याने गल्लीच्या टोकाला उभं राहून झूम तपासली. ती बंदुकीच्या नळीएवढी लेन्स घराघरावर रोखलेली बघून उरलेसुरलेही हादरले.

रविवारी सकाळी तो छोटी लेन्स घेऊन बाहेर आला आणि बघतच राहिला. खंडेरावांची शेड उतरली होती. कुंड्या, मशीन, स्कूटर सगळं आत. गल्ली एवढी रुंद, की दोन रिक्षा सहज जातील. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. दारात बसलेले खंडेराव अख्ख्या घरासकट फोटोत मावले! हीच लेन्स, आता विचार नको. त्याने मोठी परत करून टाकली.

मग भाजीच्या गाडीवर पूजाने यशोदाबाईंना सहज सांगितलं, "अहो, लेन्स घ्यायची होती, म्हणून चाललं होतं त्यांचं!" झालं. संध्याकाळपर्यंत कुंड्या बाहेर. खंडेरावांची शेड रागारागाने पुन्हा चढली, ती आधीपेक्षा वीतभर पुढे.

पुढच्या सुटीला हर्षल कॅमेरा घेऊन उभा. फोटोत शेडच्या टोकाशी बसलेले खंडेराव होते, पण टाळूपासून दाढीपर्यंतच.

"येतंय का सगळं?" दारातून पूजाने विचारलं. "का फोन लावू रुद्रला?"

"थांब गं, जरा मागे जातो."

तो मागे सरकला आणि पाठ टणकन कशावर तरी आपटली. वळून बघितलं, तर त्याच्याच शेडचा खांब. ती शेड हर्षलला आज पहिल्यांदाच दिसली. तो मोठ्याने म्हणाला, "च्यायला!" आणि आतून पाना घेऊन आला. एकेक नट सैल व्हायला लागला.

समोर खंडेराव चहाची कपबशी घेऊन पुन्हा बाहेर आले. त्यांनी हर्षलकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं. चहा बशीत सांडला.

"हर्षल... तुझ्या भिंतीचा फोटो कुणी काढला रे?"

हर्षलने तोंड उघडलं, पण खंडेराव उत्तराला थांबलेच नाहीत. कप कट्ट्यावर ठेवून ओरडत सुटले, "अहो यशोदाबाई, तुमच्याकडे पाना आहे का? लवकर द्या!"